तिसरा डबा

शोभावहिनींचा फोन आला तेव्हा मी अंगणात दात घासत होतो. "भाऊजी, हे गेले," एवढंच म्हणाल्या. पहाटे उठवायला गेल्या तर नारायण उठलाच नाही. मी काय बोललो ते आठवत नाही. पण पुढचं त्यांचं वाक्य अजून कानात आहे. "तुमच्यापाशी यांचा चांगला फोटो असन ना? आमच्यापाशी एकबी नाही. हे सदा कॅमेऱ्याच्या मांगंच."

होता. गेल्या हिवाळ्यात इतवारी बाजारातल्या त्याच्या दुकानात मीच काढला होता. तो मोठा करून, चौकटीत बसवून मी वाडीच्या माझ्या घरून नारायणकडे घेऊन गेलो. त्याच्या पुतण्याने तो बैठकीत लावला, भिंतीवर नारायणच्या आईच्या फोटोशेजारी. त्या दोन फोटोंसमोर मी फार वेळ उभा राहू शकलो नाही. लोकांना वाटलं, मित्र गेल्याचं दुःख. दुःख होतंच, पण नुसतं दुःख असतं तर मी तिथे बसलो असतो.

नारायणचं भांड्यांचं दुकान होतं आणि मी शाळेत विज्ञान शिकवायचो. दोघांनाही चाळिशीनंतर कॅमेऱ्याचं वेड लागलं. एकाच कंपनीचे डीएसएलआर घेतले, म्हणजे याच्या लेन्सा त्याच्या बॉडीला लागतील. मग पंधरा-सोळा वर्षं दर रविवारी सकाळी त्याच्या दुकानाचं शटर अर्धं वर करून आमची पंचायत बसायची. मी नव्या बॉडीसाठी झुरायचो... जास्त मेगापिक्सेल, मोठा सेन्सर, अंधारात कमी दाणे. नारायण ऐकून घ्यायचा आणि म्हणायचा, "बॉडी म्हंजे गंज गा वसंता, शिजवाचं भांडं. गंज कितीबी भारी घे, वरण तं डाळीचंच होते. लेन्स पाह्य, लेन्स!" मी म्हणायचो, फुटक्या गंजात शिजवून दाखव. तो हसायचा. फोटो आम्ही कमीच काढले, तुलनाच जास्त केल्या. पण तुलना करावी तर नारायणनेच. भांड्यांवर नावं घालायच्या मशीनने त्याने बारा पेल्यांवर एक ते बारा आकडे घातले होते. ते पेले काउंटरवर तिरपे मांडायचे, सहाव्यावर फोकस लावायचा, आणि फोटोत कोणता आकडा सगळ्यात स्पष्ट येतो ते बघायचं. सहावा आला तर लेन्स सज्जन. लेन्सा तो चपट्या स्टीलच्या डब्यांत ठेवायचा, आत ओल शोषणाऱ्या पुड्या टाकून. काचेवर बुरशीची हिरवळ धरली की लेन्स गेली, हे त्याचं पालुपद.

माझ्याकडे पंच्याऐंशी मिलिमीटरची लेन्स होती. चेहऱ्यांसाठी नामी, आणि उजेड भरपूर आत घेणारी. पण तिच्यात खोट होती. माझ्या मुलीच्या डोळ्यांवर फोकस लावला की डोळे धूसर यायचे आणि कान लख्ख. फोकस बोटभर मागे पडायचा. हे मला घेतल्यापासून महिन्याभरात कळलं होतं. नारायणला सांगितलं नाही, कारण ती घेण्याआधी त्याने "पेल्यांवर लावून पाहू" म्हटलं होतं आणि मी मास्तरकीच्या तोऱ्यात त्याला उडवून लावलं होतं.

एका रविवारी तो म्हणाला, "आई नव्वदीची झाली गा. गावी पारशिवनीले आहे, खोलीच्या बाहेर येत नाही. आत उजेड नाही. तुही पंच्याऐंशी मले दे, माही एकशेपाच तू घे." त्याची एकशेपाच म्हणजे हिरा. मुंगीचे पाय मोजता येतील अशी. मला मोह झाला. मनाशी म्हटलं, बॉडी आणि लेन्स यांचं जुळणं-न जुळणं जोडीजोडीचं असतं, माझ्या बॉडीवर बिघडते ती त्याच्या बॉडीवर सुधारेलही. शास्त्र म्हणून हे खरं आहे. पण मला पटलं होतं ते शास्त्र म्हणून नव्हे. "मस्त लेन्स आहे, घेऊन जाय," मी म्हणालो.

त्याने आईचा फोटो काढला तो अजून भिंतीवर आहे. भिंतीला टेकून बसलेली म्हातारी, खांद्यामागे फळीवर पाण्याचा पितळी गुंड. गुंडावर नारायणनेच घातलेलं नाव, कौसल्याबाई, ठिपका न ठिपका मोजता येतो. चेहरा मात्र धुक्यात. आईचं नाव वाचता येतं, आई दिसत नाही. कॅमेऱ्याच्या लहानशा पडद्यावर त्याला ते कळलं नाही, घरी येऊन कळलं. पुन्हा जायचं ठरवलं, त्याआधी आई गेली.

एका रविवारी त्याने तो प्रिंट दुकानात आणला होता. काउंटरवर ठेवला आणि म्हणाला, "माहाच हात हालला असन."

तेव्हा बोलायचं होतं. तोंडात आलंही होतं. मी म्हणालो, "हो, उजेडबी कमी होता."

पुढे त्याने डोळे तपासले, चष्म्याचा नंबर बदलून आणला. हात कापतो का म्हणून पाण्याने भरलेला पेला धरून बघायचा, मला दाखवायचा. मी बघायचो. मेल्याहून मेल्यासारखं म्हणतात ते काय असतं, ते मला त्या पेल्याकडे बघताना समजलं. नंतर त्याने नवी बॉडी घेतली. तिच्यात लेन्सचा फोकस पुढेमागे सरकवून दुरुस्त करायची सोय होती. पेले मांडून आम्ही एकेक लेन्स तपासली. तिसरा डबा त्याने पुढे सरकवला. "तुही पंच्याऐंशी लावू काय?" मी म्हणालो, "राहू दे गा, तिची काय तुलना." त्यानंतर दर रविवारी काउंटरवर तीन डबे असायचे. दोन उघडायचे. तिसऱ्याकडे मी बघायचोही नाही, आणि त्याने कधी आग्रह केला नाही...

तेरवी झाल्यावर आठवड्याने वहिनींनी मला बोलावलं. बैठकीतल्या टेबलावर तो तिसरा डबा होता. "तुमचा आहे ना हा? आत तुमचं नाव हाये," त्या म्हणाल्या. मी झाकण काढलं. लेन्स कापडात गुंडाळलेली, स्वच्छ, हिरवळीचा ठिपका नाही. झाकणाच्या आतल्या बाजूला मशीनने घातलेली अक्षरं, लग्नातल्या भांड्यांवर मामाकडून, आत्याकडून घालतात तशी: वसंताकडून. आणि खाली: उणे बारा.

उणे बारा हा नव्या बॉडीतल्या त्या सोयीचा आकडा: मागे पडणारा फोकस तेवढा पुढे ओढला की लेन्स नीट चालते. म्हणजे नारायणने ती एकट्याने पेल्यांवर लावून पाहिली होती. त्याला सगळं कळलं होतं. केव्हा, ते मला आता कधीच कळणार नाही.

"दर रविवारी दुकानात न्याले हे तीन डबे काढून ठेवाले लावत," वहिनी सांगत होत्या. "दोन उघडायचे, तिसरा तसाच वापस. मी म्हटलं, मंग काहाले काढून राहिले? तं म्हणे, वसंता उघडन एखाद्या दिवशी. उणे बारा म्हंजे काय हो भाऊजी?"

मी सांगितलं. लेन्स, अदलाबदल, आईचा फोटो, चष्मा, पेला, सगळं. सांगताना त्यांच्याकडे बघवेना.  ऐकून त्या पदर सावरून उठल्या. "मले काहून सांगता भाऊजी?" त्या म्हणाल्या, रागावून नाही, "त्यांले सांगा." आणि चहा ठेवायला आत गेल्या.

मी वर बघितलं. आई धूसर, आणि तिच्या शेजारी नारायण... त्याच्याच एकशेपाचने काढलेला, हनुवटीवर दाढी करताना राहिलेले चार पांढरे केससुद्धा स्पष्ट. तो थेट माझ्याकडे बघत होता. बघणारच. फोटो काढताना मीच म्हणालो होतो, "इकडंतिकडं नोको पाहू, माह्याकडं पाह्य." त्या खोलीत कुठेही बसलं तरी तो माझ्याकडेच बघतो. मी 'नारायण' एवढं म्हटलं आणि डब्याचं झाकण लावून टाकलं. वहिनींनी आणलेला चहा तसाच थंड झाला.

डबा आता वाडीला माझ्या कपाटात आहे. दर रविवारी सकाळी टेबलावर काढतो, झाकण उघडून उताणं ठेवतो, अक्षरांवरून बोट फिरवतो. माफ केलं म्हणून त्याने माझं नाव घातलं, की हिशेब मला दिसावा म्हणून, हे बोटाला कळत नाही. एकशेपाच मी वहिनींकडे परत पोचवली आहे. पण तेवढ्याने काही सुटलं नाही. त्याच्यासमोर बसून जे जमलं नाही ते निदान लिहून तरी बघावं, म्हणून आज हे लिहायला बसलो.

नारायण, ती लेन्स तुला देताना मला ठाऊक होतं. तुझा हात हलला नव्हता.