रोज बदलणारा नंबर

माझा स्वभावच संशयी. नवरा म्हणतो, "तू भाजीवाल्या अण्णाच्या काट्याकडेही डोळे वटारून बघतेस." बघते! त्यात आमच्या ऑप्टोमेट्री कॉलेजचा अभ्यासक्रम बदलला, लॉकडाऊनमध्ये वर्ग ऑनलाइन गेले, आणि माझ्या संशयाला रान मोकळं मिळालं. डोळे तपासायला शिकवायचं, तेही स्क्रीनवरच्या काळ्या चौकोनांना. "कॅमेरा लावा" म्हटलं की सगळ्यांचं नेटवर्क एकदम जायचं. महादेवपुऱ्यात माझ्या घरी बरं कधी जात नव्हतं!

नव्या अभ्यासक्रमात घरचा सराव होता. कॉलेजने प्रत्येकाकडे रेटिनोस्कोप आणि भिंगांची पट्टी पाठवली. रेटिनोस्कोप म्हणजे डोळ्यात उजेडाची रेघ फिरवून चष्म्याचा नंबर काढायचं हातातलं यंत्र. घरातल्या एकाच माणसाचा नंबर रोज सकाळी काढायचा, तीन आठवडे, आणि वहीत लिहायचा. डोळा तोच, तेव्हा नंबरही तोच यायला हवा. तसा आला की समजायचं, हात बसला. वही नापास झाली तर इंटर्नशिप नाही, म्हणजे वर्ष वाया.

बहुतेकांच्या वहीत पहिल्या दिवसापासून एकच आकडा. लबाड मेले! पण पुरावा नव्हता, पास केलं.

एका मुलीची वही मात्र वेगळीच निघाली. तिच्या घरी ती आणि आई, दोघीच. आई बोम्मसंद्र्याला कपड्यांच्या कारखान्यात शिवणकाम करायची. तिचेच डोळे ही तपासत होती. सुरुवातीला शून्य, मग उणे पाव, उणे अर्धा, एक, आणि तिसऱ्या आठवड्यात चक्क उणे दीड.

मी तिला व्हिडिओवर बोलावलं. "मागे सरकून बसतेस ना? अंतर वाढलं की नंबर उणेकडे जातो, शिकवलंय मी."

"नाही मॅडम. रोज दोरीने मोजते." तिने दोन गाठी मारलेली दोरी कॅमेऱ्यासमोर धरली.

"गाठी आज मारल्यास की तेव्हाच?"

तिने दोरी खाली ठेवली. मग हळूच म्हणाली, "अम्मा म्हणते, दूरचं स्वल्प धूसर दिसतंय."

मला वाटलं, बघा, आता आईलाही मध्ये आणलं. चाळिशी उलटलेल्या बाईचा नंबर तीन आठवड्यांत एवढा सरकतो होय? मला काय दूधखुळी समजते? वहीच्या फोटोंची प्रिंट काढली, लाल शाईने प्रत्येक पानावर आडवं लिहिलं, "आकडे खोटे. पुन्हा करा." खाली सही. स्कॅन करून परत पाठवलं आणि फोटो पुसून टाकले.

"सरी, मॅडम," म्हणजे बरं, एवढंच तिचं उत्तर आलं.

तीन आठवड्यांनी नवी वही आली. रोज शून्य. एकही दिवस इकडचा तिकडे नाही. "आता कसं!" असा शेरा मारून मी सही ठोकली. इतरांच्या अशाच वह्यांवर मला संशय आला होता, हिच्यावर नाही. माझं ऐकलं ना तिने!

महिन्याभराने तिचा फोन आला. आई कारखान्यात चक्कर येऊन पडली होती. हॉस्पिटलमध्ये रक्त तपासलं तर साखर भयंकर वाढलेली. डॉक्टर विचारत होते, नजर कधीपासून धूसर होत गेली, काही नोंद आहे का.

रक्तातली साखर चढली की डोळ्यातलं भिंग फुगतं आणि नंबर उणेकडे सरकतो. हे मीच शिकवते! दरवर्षी, फळ्यावर आकृती काढून. या वर्षी स्क्रीनवर शिकवलं, एवढाच फरक.

"दुसऱ्या वहीत शून्य का लिहिलंस गं?"

"तुम्हाला तेच हवं होतं, मॅडम. आणि वर्ष गेलं असतं."

"मग पहिली वही दाखव त्यांना."

"पानं फाडून टाकली. तुम्ही खोटी म्हणालात ना." मग तिने विचारलं, "तुमच्याकडे आहे का, मॅडम?"

होती. फक्त तो स्कॅन होता. लाल शाई आकड्यांवरूनच गेली होती, स्क्रीनवर ती पुसायला गेले तर आकडेही जात होते. सगळी पानं, माझ्या शेऱ्यासकट आणि सहीसकट, मी तिच्या आईच्या डॉक्टरांना पाठवली.