केंडाने अडवलेला करंट

डोळ्यांवर टॉर्च मारला, बाहुल्या आकसल्या नाहीत. चिमटा काढला, बोट हललं नाही. श्वास व्हेंटिलेटरचा. जयगडचा खलाशी महेश दुपारी जेवून उठला होता आणि संध्याकाळी आमच्या आयसीयूत असा पडला होता.

कॉटशीच उभा राहून त्याचा थोरला भाऊ म्हणाला, "मॅडम, काय राह्यलं नसंल तर घरी नेतो आम्ही. आपल्या दारात जाऊ दे त्याला."

आमच्याकडे ही मागणी नवी नाही. शेवटचा श्वास घरी घ्यावा, असं सगळ्यांनाच वाटतं. मी भूलतज्ज्ञ, म्हणजे श्वासनलिकेतली ट्यूब माझ्या ताब्यात. ती काढली असती तर महेश रत्नागिरीची वेस ओलांडेपर्यंतही टिकला नसता.

फिजिशियन सरांना मण्यार चावल्याचा संशय होता. पण दंश सापडेना, सीटी स्कॅनही स्वच्छ. मी त्याच्या बायकोला बाजूला घेतलं. ती म्हणाली, आधी ओठांना मुंग्या आल्या, मग जीभ जड झाली. काय खाल्लं, विचारल्यावर ती खाली मान घालून म्हणाली, "केंड. मी नको बोलले. ते बोलले, कातडं नि आतडं काढलं की काय होत नाय."

केंड म्हणजे फुगणारा विषारी मासा. जाळी कुरतडतो म्हणून खलाशी त्याला शिव्या घालून फेकून देतात. महेशने पूर्वी एकदा तो पचवला होता, म्हणून हा शहाणपणा.

मेंदूचे हुकूम नेणारी नस म्हणजे घरातली वायर नव्हे. तिच्या आवरणात सूक्ष्म गेटं असतात. एक उघडलं की बाहेरच्या खारट पाण्यातलं सोडियम आत घुसतं आणि त्या धक्क्याने पुढचं गेट उघडतं. जेटीवर मासळीच्या पाट्या हातोहात सरकतात, तसा करंट मेंदूपासून बोटापर्यंत जातो, तोही पापणी लवायच्या आत. केंडाचं विष नेमकं गेटाच्या तोंडाशी बुचासारखं बसतं. हृदयाच्या गेटांची घडण जरा वेगळी, म्हणून ते चालू राहतं. मेंदूत हे विष सहसा शिरत नाही. कमरेखालचं अंग बधिर करायला मी पाठीत देते ते स्पायनलचं इंजेक्शनही हीच गेटं बंद करतं. इतकी वर्षं ते देतेय, तरी हे सरांना सांगताना माझ्याच अंगावर काटा आला.

"म्हणजे हा जागा असेल?" सर म्हणाले. "ईईजी लावा."

ईईजी म्हणजे डोक्याला वायरी लावून मेंदूतला करंट पाहायचा. स्क्रीनवर संथ, एकसारख्या लाटा आल्या. मी त्याच्या पापण्या बोटांनी उघडल्या. लाटा बारीक झाल्या. मिटल्या, तर लाटा परत आल्या. हे जाग्या माणसाचं लक्षण. सर उठून उभे राहिले.

मी त्याच्या कानाशी वाकले. "महेश, मासा बाधलाय. विष उतरेल. तोवर श्वास मशीन देईल." मग झोपेचं औषध सुरू केलं. भावाला सांगितलं, ट्यूब निघणार नाही.

या विषाला उतारा नाही, नुसती वाट पाहायची. दुसऱ्या दिवशी मनगटाच्या नसेला बारीकसा शॉक दिला आणि अंगठा किंचित हलला. गेटं उघडू लागली होती.

पुढे ट्यूब काढली तेव्हा भाऊ समोरच होता. महेश घोगऱ्या आवाजात म्हणाला, "दादा, मी आत होतो रे. घरी कशाला नेत होतास?"

भाऊ कॉटचा दांडा धरून लहान मुलासारखा रडला.

आमच्या आयसीयूत आता नियम आहे. पेशंट कितीही निपचित असो, सुई टोचण्याआधी त्याला सांगायचं. आणि त्याला घरी न्यायचं की नाही, हे दाराबाहेर जाऊन ठरवायचं.