कानबाईच्या साडीची लेस

सुरतेतल्या लिंबायत भागातल्या सुंदराबाईने या शहरात आल्यापासून एकच काम केलं, साड्यांना लेस लावायचं. शेठचा नियम असा, की कमरेत खोचायच्या टोकाला लेस लावायची नाही. जे दिसतच नाही, त्याला नटवायचं कशाला? हे तिच्या इतकं अंगवळणी पडलं, की घरच्या टीव्हीच्या कव्हरलाही तिने भिंतीकडच्या बाजूला लेस लावली नाही.

श्रावणात गल्लीतल्या खानदेशी बायकांनी कानबाई बसवली. देवीच्या साडीचं काम अर्थातच सुंदराबाईकडे आलं आणि तिने ते वेळेत करून दिलं. ऐन आरतीच्या आधी बायकांनी ती साडी चौरंगावरच्या नारळाला, म्हणजे देवीला, गुंडाळली, तर लेस नसलेलं टोक बरोबर पुढ्यात आलं.

शेजारची चंचल सगळ्यांदेखत म्हणाली, "सुंदरामाय, देवीच्या साडीतबी लेस वाचवली का?"

सुंदराबाईने नारळाकडे वरपासून खालपर्यंत नीट पाहिलं, हात जोडले आणि चंचलकडे वळून म्हणाली, "कानबाईले कंबर नही, हाई माले आधी सांगानं व्हतं."