दुर्गाबाईचा चुना

अमरावतीत दुर्गाबाईची चुन्याची घाणी होती. नवरा गेल्यावर ती तिनंच चालवली. गोल चरात चुना-वाळू टाकायची, दगडी चाकाला बैल जुंपायचे आणि चुना लोण्यासारखा होईस्तोवर फिरवत राहायचं. बोटाला धरून राहिला नाही, तर तो चुना ती गवंड्याला देत नसे. नबी मिस्त्री म्हणायचा, बाईच्या चुन्याची भिंत पाडायची तर लोखंडी सब्बल वाकते.

मग सातासमुद्रापार कुठं लढाई जुंपली आणि वऱ्हाडच्या कापसाला कधी नव्हे असा भाव आला. गावोगावचे बैल कापसाच्या गाड्यांना लागले. दुर्गाबाई भाड्यानं आणायची, तेही गेले. नेमकी तेव्हाच उत्तमराव व्यापाऱ्यानं मोठी वखार बांधायला काढली आणि चुना दुर्गाबाईला सांगितला. हंगामाआधी छप्पर चढलंच पाहिजे, असा त्याचा हुकूम होता. बैलांशिवाय चुना मुरत नाही, असं दुर्गाबाईनं त्याच्या मुनिमाला, देवीदासला, सांगून पाहिलं.

"पायानं तुडव ना," तो म्हणाला. "वरून गिलावा चढला का साऱ्या भिंती सारख्याच."

वखारीचं बांधकाम नबीकडे होतं. ती त्याच्याकडे गेली. त्यानं मान खाली घातली. मी नाही म्हटलं तर दुसरा गवंडी दारात उभा आहे, म्हणाला. शेवटी तीही नमली आणि चुना तुडवायला चरात उतरली. लेक जमुना सोबत होती. कच्च्या चुन्यानं दोघींच्या टाचा फाटल्या.

वखार उभी राहिली, पूजा झाली. एके दिवशी दुर्गाबाईनं भिंतीत खिळा खुपसून पाहिला, तर आतून नुसता भुगा आला. भिंतीला टेकू लावा, निदान कापूस तिच्यापासून दूर रचा, असं तिनं देवीदासला विनवलं. हंगाम झाल्यावर पाहू, म्हणून त्यानं वाटेला लावलं. गठ्ठे भिंतीला टेकवून आढ्यापर्यंत रचले गेले. बाहेरच्या अंगाला बाया हातानं फिरवायच्या रेच्यावर कापसातली सरकी काढत बसायच्या. त्यात जमुनाही होती.

"तिथं नको बसू, पोरी."

"माय, सावली तिथंच हाये. साऱ्याजणी बसतात, मी एकटी उन्हात काहून बसू?"

दुर्गाबाई तिला तिथंच सोडून परतली.

भरदुपारी भिंतीला पोट आलं आणि ती कापसासकट खाली आली. बायांना उठायलाही सवड मिळाली नाही. दुर्गाबाई हातांनी दगड उपसत होती. एकेक दगड धुतल्यासारखा स्वच्छ निघत होता. चुन्यानं एकालाही धरलं नव्हतं. जमुना सापडली तेव्हा तिच्या केसांत सगळा कापूस होता.

उत्तमरावानं प्रेतांना कोरी लुगडी दिली, आणि हंगाम सरायच्या आत भिंत पुन्हा चढवली. दुर्गाबाईनं चुना दिला नाही. दुसऱ्या कोणी दिला, तोही पायानंच तुडवलेला.

तेव्हापासून ती खिळा घेऊन वखारी-वखारींतून फिरायची. भिंती टोकरायची, बायांना उठा म्हणायची. पहारेकरी तिला हाकलत. लेकीच्या दुःखानं डोकं फिरलं बाईचं, असं बाजारात म्हणत. खरं काय ते नबीला माहीत होतं. पण ती दिसली की तो दुसऱ्या गल्लीनं जायचा.

एकदा ती उत्तमरावाच्या नव्या भिंतीपाशी आली. बायांनी तिचं सगळं ऐकून घेतलं. एकीनं पाणी दिलं, दुसरीनं सरकून सावलीत जागा केली. दुर्गाबाईनं भिंतीत खिळा टोचला. तो सहज आत गेला. बायांनी ते पाहिलं. मग रेचे पुन्हा फिरू लागले.