फुलबॅकचा वकील

अमेरिकेतल्या ग्रीन बे गावच्या त्या बारमध्ये नॉर्ब व्हँडेहे लग्न झाल्यापासून येत होता. तरी तिथल्या मंडळींच्या लेखी तो आर्डिसचा नवरा, बस. बोलायची ती, भांडायची ती, टाळ्या घ्यायची नि द्यायची ती. नॉर्बने गाडी चालवावी, तिचा कोट खुंटीला लावावा आणि शेजारी बसून मान डोलवावी. जन्मभर दुधाचा टँकर चालवलेला माणूस, त्याला गप्प बसायची सवय होतीच.

आर्डिस नाताळच्या आधी गेली. त्यानंतर एप्रिलच्या त्या शनिवारी तो पहिल्यांदाच एकटा आला. घरात टीव्हीशी बोलून बोलून त्याला वीट आला होता. आर्डिस नसताना ही माणसं आपल्याला आपल्यात धरतात का, एवढंच त्याला बघायचं होतं.

त्या दिवशी गावच्या अमेरिकन फुटबॉल संघाच्या नव्या खेळाडूंची निवड संपायची होती. शेवटच्या फेऱ्यांतले खेळाडू म्हणजे गाळातला माल, ऑगस्टमध्ये संघातून गळून निम्मे घरी जाणारे. बारची रीत अशी, की त्यातला एकेक खेळाडू एकेकाने पदरात घ्यायचा आणि उभं राहून त्याची वकिली करायची. बाकीच्यांनी वकिलाची यथेच्छ टर उडवायची, पॉपकॉर्न फेकून मारायचे. सगळ्यात जास्त मार आर्डिस खायची, आणि तिला ते मिरवायला आवडायचं.

सातव्या फेरीचं नाव पडद्यावर आलं. कोल्बी हाउग, साउथ डकोटातल्या कुठल्याशा छोट्या कॉलेजचा, फुलबॅक.

"आपण फुलबॅक घेतला?" पलीकडच्या टेबलावरून गॉर्डी ओरडला. त्याच्या ग्लासातली ब्रँडी हिंदकळली. "अरे, हल्ली फुलबॅक ठेवतं कोण?"

"आपल्या हापिसात कुणाला तरी पेंग आली असणार," त्याच्या शेजारचा जेरोम म्हणाला. "पळताना बघ त्याला. गोठ्याचं दार चाललंय!"

या गावात संघाबद्दल सगळे 'आपण'च म्हणतात. संघ गावाच्याच मालकीचा, घरोघरी त्याचा शेअर चौकटीत लावलेला. तेव्हा चूक झाली तरी ती आपली असते.

"चेंडू याच्या हातात वर्षातून दोनदा येणार," गॉर्डी म्हणाला. "बाकी वेळ काय, दुसऱ्याच्या पुढे धावायचं, धडका खायच्या नि वाट मोकळी करून द्यायची. नाव मागच्याचं!"

"बोला, कोण घेतंय याला?" गल्ल्यामागून लॉइसने विचारलं. बार तिचा, म्हणून पंचही तीच. "कुणीच नाही? मग बेवारस लावते."

नॉर्ब उठला. खुर्ची मागे सरकली तसे सगळे वळले. एवढ्या वर्षांत तो उभा राहिला होता तो फक्त घरी निघताना.

"पळायला मंद आहे, कबूल," तो म्हणाला. "पण समोरच्याला जागेवरून हलवतो. मी याचे सामने पाहिलेत. अख्खे. यंदा हिवाळ्यात वेळच वेळ होता. पडला तर पहिला उठतो, आणि मागचा नीट निघून गेला का ते वळून बघतो. असा पोरगा आपल्याकडे नाहीये. म्हणून... आम्ही घेतो त्याला."

बोलून गेल्यावर त्याला कळलं. 'आपण' नव्हे, 'आम्ही'. आर्डिस उभी राहिली की हेच म्हणायची, आणि तिच्या त्या शब्दात तो न बोलता सामील असायचा. आता त्या शब्दात त्याच्याशिवाय कुणी नव्हतं. गॉर्डीने नजर ग्लासात घातली. लॉइस पुसलेलाच ग्लास पुन्हा पुसू लागली.

"म्हणजे मी," नॉर्ब म्हणाला. "मी घेतो."

मग तो माराची वाट बघत उभा राहिला. हसू येईल असा चेहराही त्याने करून पाहिला. जेरोमच्या मुठीत पॉपकॉर्न तयार होते. जेरोमने ते हळूच परत वाडग्यात टाकले.

"अरे, मारा की!" नॉर्ब म्हणाला. "गोठ्याचं दार घेतलंय मी, मंद पोरगा घेतलाय! काही म्हणाल की नाही?"

कुणीतरी टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनीच वाजवल्या, हलक्या हाताने, चर्चमध्ये वाजवतात तशा. गॉर्डी उठून आला आणि त्याने नॉर्बच्या खांद्यावर हात ठेवला.

"छान बोललास, नॉर्ब. खरंच छान बोललास."

नॉर्बने आभार मानले आणि तो खाली बसला. त्या बारमध्ये असं फक्त पाहुण्यांना म्हणत.