पितृपंधरवड्यातला इसार

"वरचं सगळ्यांचंच चांगलं असतं," असं म्हणायची आणि कोपरापर्यंत हात पोत्यात घालायची. तळातली मूठ वर काढून तळहातावर पसरायची, एक फुंकर मारायची आणि व्यापाऱ्याच्या तोंडाकडं बघत राहायची. बोलायची काही नाही. थोड्या वेळानं व्यापारीच खरं बोलायला लागायचा.

मार्केट यार्डात भुसार मालाच्या गाळ्यांवर धान्य चाळणाऱ्या, निवडणाऱ्या बायका तुम्ही बघितल्या असतील. नाकाला पदर बांधलेला, भुवया धुळीनं पांढऱ्या झालेल्या. त्यातली ती एक. सगळे तिला आक्का म्हणायचे. मी त्याच यार्डात तीस वर्षं टेम्पो चालवला आणि धायरीत तिच्या शेजारच्याच खोलीत राहिलो. आमच्या हिला तिनं बहीण मानलेलं, म्हणून मी तिचा दाजी. त्या नात्याचा मान तिनं कधी ठेवला नाही. चारचौघांत मला झापायची.

आमची ही गेली तेव्हा सगळी आळी येऊन धीर धरा, धीर धरा म्हणून गेली. धीर कुठं धरतात ते कोणी सांगितलं नाही. आक्का चौदाव्या दिवशी आली. म्हणाली, "दाजी, दाढी करा. भूत दिसताय." मग सरळ स्वयंपाकघरात गेली आणि पिठाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला. तळाला अळ्या झाल्या होत्या. चौदा दिवस भाकरी शेजारून येत होती आणि घरातला डबा कोणी उघडलाच नव्हता. डबा काखेत मारून घेऊन गेली, संध्याकाळी चाळून आणून ठेवला. मला रडू आलं ते त्या दिवशी. जाळायला नेली तेव्हा आलं नव्हतं.

आता दुकानाचं सांगतो.

माझी पोरगी शोभा सदाशिव पेठेत एका बाईंच्या पार्लरमध्ये नऊ वर्षं राबत होती. वय एकतीस. लग्न जमलं नाही, का नाही ते मला विचारू नका. तिला स्वतःचं दुकान हवं होतं. कंपन्यांच्या गाड्या सिंहगड रोडनं धावायला लागल्या होत्या, धायरीत शेतं जाऊन बिल्डिंगा उठत होत्या, तेव्हाची गोष्ट. ह्या पोरी तुम्ही रोज बघताच. स्कूटीवर बसताना तोंडाला असा फडका गुंडाळतात की सख्ख्या बापाला ओळखू येत नाहीत. हातात कोपराच्या वर मोजे. तरी ऊन लागतंच, आणि मग ते काळं काढायला पार्लरमध्ये जातात. टॅन काढणं म्हणतात त्याला.

आमच्या इथल्या नव्या बिल्डिंगमध्ये एक चालू दुकान विकायला निघालं. मालकीणबाईंचा नवरा परदेशात राहून आलेला. येताना त्यानं एक मशीन आणलं होतं. पेटीसारखं, आत वरखाली नळ्यांचे दिवे. त्यात झोपायचं, झाकण लावायचं, की गोरा माणूस थोड्या वेळात सावळा होतो. तिकडं लोक पैसे देऊन असं करून घेतात म्हणे. बाहेर मोठा बोर्ड, 'टॅनिंग सलून'. पुण्यात पैसे देऊन काळं व्हायला कोण येणार? कोणी आलं नाही. मग बाईंनी बोर्डाच्या खाली बारीक अक्षरात लिहिलं, 'टॅन काढून मिळेल.' एकाच दुकानात काळंही करून मिळणार आणि गोरंही. आक्काला शोभानं हे सांगितलं तेव्हा ती स्वतःच्या हाताकडं बघून म्हणाली, "मला आईबापानं फुकट दिलंय. नाय तर केवढ्याला पडलं असतं."

तर त्या नवऱ्याची नोकरी बंगलोरला निघाली आणि दुकान विकायचं ठरलं. खुर्च्या, आरसे, बोर्ड, जागेचा करार आणि ते मशीन, सगळं एकगठ्ठा घ्यायचं. निम्मी किंमत मशीनचीच. माझ्याकडं टेम्पो विकून आलेले पैसे होते आणि हिच्या पाटल्या होत्या. एवढंच. चाललं नाही तर दोन्ही गेलं, आणि शोभाची पेठेतली नोकरीही गेली, कारण तिथल्या बाई सोडून गेलेलीला परत घेत नाहीत.

मी आपला बघायला गेलो. पुरुषांना आत मज्जाव. म्हणून समोरच्या चहाच्या टपरीवर बसलो आणि दाराबाहेरच्या चपला मोजल्या. सतरा जोड. एका दुपारी सतरा बायका. तसाच घरी आलो आणि पाटल्या काढून कॉटवर ठेवल्या. शोभाचं तोंड असं उजळलं की ते बघून मला हिची आठवण झाली.

आक्का दारात उभी होती. तिनं विचारलं, चपला कसल्या होत्या? मी म्हणालो, चपलेसारख्या. ती म्हणाली, रस्त्यावरनं आलेल्या का जिन्यावरनं उतरलेल्या? मी आठवून बघितलं. सगळ्या घरात घालायच्या रबरी सपाता. एकाही चपलेला रस्त्याची धूळ नाही. दुसऱ्या दिवशी कळलं, त्या बिल्डिंगमधल्या बायकांची भिशी होती. मालकीणबाईंच्या दुकानात पोहे खायला जमल्या होत्या सगळ्या.

त्याच आठवड्यात पितृपंधरवडा लागला आणि मालकीणबाईंचा फोन आला. "अहो, आपला काय तो विचार लवकर कळवा. दुसरे एक गृहस्थ घटस्थापनेला इसार देणार आहेत. मला वाट बघायची सवय नाही."

मी हातावर हात धरून बसलो. पंधरवड्यात नवं काही घेत नाहीत, हे आमच्यात लहान पोराला पण माहीत असतं. आक्का मात्र खूश झाली. म्हणाली, आता तळ दिसेल. पंधरवड्यात बाया नटत नाहीत, सण नाही, लग्न नाही. या दिवसांत जे गिऱ्हाईक पायरी चढेल तेच खरं. तिनं गाळ्यावर रजा टाकली. ती बौद्ध, तिच्यात पितर नसतात. म्हणाली, "मला कोण अडवतंय? मी बारा महिने मोकळी."

सहा दिवस ती त्या दुकानात जाऊन बसली. पहिल्या दिवशी भुवया कोरून घेतल्या. आयुष्यात पहिल्यांदा. घरी येऊन सांगत होती, पोरगी दोऱ्याचं एक टोक दातात धरते आणि भुवई उपटते, मी डोळे मिटून यार्डातल्या सगळ्या हमालांना शिव्या दिल्या. दुसऱ्या दिवसापासून नुसती बसली. मालकीणबाईंनी विचारलं, "आपलं काही काम आहे का?" तर म्हणाली, गुडघा धरलाय, सुटला की उठते. सहा दिवस सुटला नाही.

सातव्या दिवशी तिनं आम्हा दोघांना समोर बसवून हिशेब दिला. पोरी येतात. सर्वपित्रीला कोण काय जेवतं हे त्यांना ठाऊक नाही, शनिवारची सुट्टी ठाऊक आहे. गळ्यात कंपनीचे पट्टे, पायात धुळीच्या सँडली. कामवाली पोरगी एकटी, हात जड, तरी रांग लागते. आणि मशीन सहा दिवसांत एकदाच उघडलं. आत वाळत घातलेले पंचे काढायला.

"घ्या," ती म्हणाली. "मशीन सोडून घ्या. आणि आत्ता घ्या. तो माणूस घटस्थापनेची वाट बघतोय तोवर."

शोभा माझ्याकडं बघत होती. मी म्हणालो, पंधरवडा होऊ दे, घटस्थापनेला पहाटे पहिला जाऊन उभा राहीन. आक्का म्हणाली, तो रात्रीच जाऊन उभा राहिला तर? तिला सांगितलं, हिचा पहिलाच पंधरवडा आहे, नवमीला पान वाढायचंय आणि त्याच दिवसांत तिच्याच पाटल्या गहाण टाकू? ती ऐकेना. अडाणीपणा करू नका म्हणाली. मग माझ्या तोंडातून गेलं ते गेलं.

"तुझं काय जातंय. तुझ्यात पितर नाहीत. माझी बायको गेलीय."

आक्का उठली. दारात चप्पल घालताना म्हणाली, "माझी पण कोणीतरी गेलीय, दाजी."

दोन दिवस तिच्या खोलीचं दार आमच्या बाजूनं बंद. शोभा सकाळी कामाला जायची, रात्री यायची, ताट वाढून द्यायची. घरात भांड्यांचा आवाज तेवढा. मालकीणबाईंचा अजून एक फोन आला. त्या गृहस्थांनी सून दुकान दाखवायला आणली होती, तिला आरसे आवडले.

नवरा असताना बाई गेली तर तिचं पान अविधवा नवमीला वाढतात. एक सवाष्ण जेवायला घालायची. शेजारच्या चाळीतली एक सून सांगितली होती, तिला कंपनीत जादा काम निघालं, ती आलीच नाही. मी पान घेऊन गच्चीवर गेलो. हिला आवडायची म्हणून शोभानं पहाटे उठून अळूवडी केली होती. कावळ्याची वाट बघितली. तुम्ही धायरीत कावळा शेवटचा कधी बघितलाय? झाडं गेली, कावळे गेले. चारी बाजूंनी नुसत्या बांधकामाच्या परांच्या उभ्या. तासभर उन्हात उभा राहिलो आणि शेवटी कबुतरं आली. वीस-पंचवीस. भाताची नासधूस करून टाकली. मी हाकलत होतो, ती परत येत होती. माझ्या मनानं घेतलं, ही नाही म्हणतेय. पाटल्या देत नाही म्हणतेय.

मागून धाप ऐकू आली. आक्का तो गुडघा घेऊन तीन जिने चढून आली होती. पानाकडं बघितलं, कबुतरांकडं बघितलं. मग कठड्याला टेकून बसली. मी म्हणालो, कावळा शिवला नाही.

"दाजी, तुमचे पितर म्हणजे कोण? तीच ना? रांगेत उभी राहून शोभाला शाळेत घातलं होतं तिनं. ती पोरीला आडवी येणार?"

मी परत कबुतरं हाकलायला लागलो.

"कावळा आला असता तर दिला असता का इसार?"

हो म्हणालो.

"म्हणजे कावळ्याचं ऐकता. माझं नाय."

मला हसू आलं. वर्षभरात पहिलं. ते येतं तसं आलं, त्यात रडू पण होतं. खाली आलो तर ती पाटावर बसली. म्हणाली, मी सवाष्ण नाही, तुमच्यातली पण नाही, पण भूक लागलीय, वाढा. शोभानं वाढलं. हिच्या नावाचं पान आक्का जेवली. सगळं जेवली, अळूवडी दोनदा मागून घेतली.

टेम्पोचे पैसे रुमालात बांधले आणि तसेच तिघं दुकानात गेलो. आत कोणी गिऱ्हाईक नव्हतं म्हणून मला दाराच्या आत घेतलं. मी रुमालातली रक्कम काढली. मालकीणबाई दोन पावलं मागं सरकल्या. "अहो, आज? पितृपक्षात? आपल्याला काही समजतं की नाही? मी नाही घेणार हं आज पैसे."

हे मला सुचलंच नव्हतं. मी माझ्याच पितरांशी भांडत आलो होतो. त्यांचेही पितर होते. नवरा परदेशात राहून आलेला, दुकानात मशीन वगैरे, पण पंधरवड्यात इसार घ्यायला हात पुढं येईना. मी रुमाल परत बांधायला लागलो. शोभा भिंतीकडं तोंड करून उभी राहिली.

आक्कानं माझ्या हातातून रुमाल काढून घेतला. "बाई, ह्यांचा पंधरवडा, तुमचा पंधरवडा. मला पंधरवडा नाय. मी बौद्ध हाय. इसार मी देते, माझ्या हातनं घ्या. तुम्ही घेतला तो माझ्याकडून घेतला. ह्यांचा संबंध नाय."

बाईंनी तिच्याकडं बघितलं. नको म्हणायला त्यांना काही सापडेना. मग म्हणाल्या, मशीनचं मात्र सोडणार नाही, घेतलं तर सगळं एकत्र. आक्का जाऊन त्या मशीनच्या झाकणावर बसली.

"सहा दिवस बघितलं. पंचे झकास वाळतात. पंचे वाळवायचं काय होईल ते बोला."

तिनं बाईंच्या तोंडाकडं बघितलं आणि बघत राहिली. भिंतीवरचं घड्याळ ऐकू येत होतं. शेवटी बाई म्हणाल्या, "बरं, ते आम्ही आमचं बघू," आणि पावती लिहायला बसल्या. पावतीवर कोणाचं नाव घालायचं विचारलं. आक्का म्हणाली, पोरीचं.

ते गृहस्थ घटस्थापनेला पेढे घेऊन आले होते म्हणे.

दुकान चाललं. फार थाटानं नाही, पण दोन पोरी हाताखाली आल्या, पाटल्या तिसऱ्या वर्षी सोडवून आणल्या. शोभानं एक रीत ठेवली. पंधरवड्यात दुकान एक दिवसही बंद ठेवायचं नाही. आक्काला किती वेळा म्हणाली, ये, तोंडाला लेप लावून देते. ती म्हणायची, माझं काळं पक्कं आहे, तुझा लेप वाया जाईल. पुढं गुडघे पार गेले, लेक तिला निगडीला घेऊन गेला. महिन्यातून एकदा फोनवर मला झापायची.

गेल्या भाद्रपदात, ऐन पंधरवड्यात, तिच्या लेकाचा फोन आला, आक्का गेली. मी गेलो, शोभा गेली. तिच्यात श्राद्ध नाही, तिथी नाही, पान नाही. करायला काहीच नाही. दुसऱ्या दिवशी शोभानं विचारलं, आण्णा, दुकानाचं काय करायचं? मी म्हणालो, बंद ठेव.

शटर खाली, मी बाहेर स्टूल टाकून बसलो होतो. एक पोरगी स्कूटीवर आली, नुसते डोळे दिसत होते.

"काका, आज बंद? पितृपक्ष पाळता का तुम्ही?"

"नाही. आमच्या एक बाई गेल्या."

तिनं गाडी बंद केली आणि तोंडाचा फडका सोडला. घामेजलेलं पोरीचं तोंड. तिनं विचारलं, कोण होत्या तुमच्या?

मी नातं शोधत बसलो. मेव्हणी म्हणावं तर ती माझ्या बायकोची सख्खी बहीण नव्हे. शेजारीण म्हणावं तर जीभ वळेना. ती पोरगी उन्हात थांबली होती.

"हे दुकान त्यांनी घेतलं," मी म्हणालो.