भट्टीतले क्रिओयो

ओतिलिया पेराल्ताला कोर्दोबाच्या विद्यापीठात सगळे तोंडावर ‘डॉक्टरबाई’ म्हणत. पाठीमागे काय म्हणत ते लिहिण्यासारखं नाही. बाईंचा पारा कायम चढलेला. त्याला कारणही तसंच होतं. उभा जन्म तिने एका बॅटरीत घातला होता.

लिथियम महाग, मॅग्नेशियम मुबलक. पण मॅग्नेशियम मोठं नाठाळ. अंगावर अशी साय धरतं की वीज पुढे जाईना. म्हणून ऋण बाजूला ओतिलिया बिस्मथच्या अतिसूक्ष्म कणांची पट्टी लावी. मॅग्नेशियम आत शिरलं की कण फुगत, निघालं की आकसत, आणि थोड्याच दिवसांत पट्टीचा भुगा. एकच खेप टिकली होती. कितीही वेळा भरा, उतरवा, आलेख सरळच्या सरळ. लेख छापून आला, टाळ्या पडल्या, आणि तशी खेप पुन्हा म्हणून जमली नाही. ‘आमच्याकडे होत नाही, तुमच्याकडे तरी होतं का?’ असं दूरदूरचे लोक विचारत. मार्चमध्ये ती निवृत्त होणार होती. तोवर जमलं नाही तर लेख स्वतःच्या हाताने मागे घ्यायचा, असं तिने ठरवलं होतं.

अशात पट्ट्या वाळवायची निर्वात भट्टी बिघडली. दुरुस्तीवाल्याने मागचं अस्तर काढलं आणि विचारलं, “डॉक्टरबाई, इथे पाव भाजता की काय?”

अस्तरामागे चरबीचा पिवळा थर होता. ओतिलियाने कपाळावर हात मारला. त्या जुन्या खेपेच्या कणांवर सूक्ष्मदर्शकाखाली कार्बनची पातळ साल दिसली होती आणि ती कुठून आली हे कुणालाच सांगता आलं नव्हतं. चरबीची वाफ कणांवर बसली असणार, पुढच्या तापवण्यात तिचा कार्बन झाला असणार, आणि त्या सालीनेच कण बांधून ठेवले असणार!

चरबी म्हणजे क्रिओयो, आणि क्रिओयो म्हणजे निकासिओ. ‘माते’ नावाच्या कडवट चहाच्या घोटाबरोबर तो चरबीतला खुसखुशीत पाव गरम मिळाला नाही तर या तंत्रज्ञाचा दिवस उगवत नसे. त्या टिकलेल्या खेपेनंतर लगेचच, भट्टीत पाव गरम करतो असा तिने त्याच्यावर आळ घेतला होता. त्याने चारचौघांत आईची शपथ घेऊन कानांवर हात ठेवले. तिने भट्टीवर ‘खाद्यपदार्थ ठेवू नयेत’ अशी पाटी ठोकली. तशी खेप पुन्हा जमली नाही ती त्याच्यानंतरच. स्वतःच्याच पायावर धोंडा, दुसरं काय!

जानेवारी म्हणजे तिकडे ऐन उन्हाळा. अशा रणरणत्या दुपारी, सगळं शहर झोपलेलं असताना, तिने निकासिओचं दार ठोठावलं. तो बनियनवरच बाहेर आला.

“डॉक्टरबाई! ही काय यायची वेळ? कुठे आग लागली?”

“माझ्या डोक्याला. खरं सांग, भट्टीत क्रिओयो तूच ठेवायचास ना?”

“झालं सुरू! निवृत्त होऊन घरी बसलो तरी पिच्छा सोडत नाही. सांगितलं ना, आईची शपथ...”

“अरे बाबा, तूच ठेवलेले असायला हवेत! नाहीतर माझं सगळं बुडालं.”

निकासिओने मागे पाहिलं. द्राक्षवेलीच्या सावलीत त्याच्या नव्वदी ओलांडलेल्या आई, दोन्या रुफिना, वेताच्या खुर्चीत डुलक्या घेत होत्या. तो कुजबुजला, “ती बघा, बसलीय. शपथ घेतल्यापासून तिला नुसती शिंक आली तरी माझं काळीज हलतं. आता कबूल केलं आणि तिला काही झालं म्हणजे?”

“प्रयोगशाळेत जन्म गेला तुझा, आणि हे बोलतोस?”

“तुमचाही गेला. मग घ्या बघू तुम्ही कुणाची तरी खोटी शपथ!”



“मी काही बहिरी नाही,” डोळे न उघडता म्हातारी म्हणाली. “शर्टाला चरबीचा वास घेऊन घरी यायचास, निकासिओ. खोटं आहे ते मला तेव्हाच कळलं होतं. आहे ना मी अजून? सांग बाईंना.”

निकासिओने मान खाली घातली. “पाटी लागायच्या आधी थोडे दिवस वरच्या कप्प्यावर ठेवायचो. खाली तुमच्या पट्ट्या असायच्या.”

“माझ्या पट्ट्या आत असताना?”

“एरवी भट्टी गरम कुठे असायची?”

ओतिलिया इतकी चिडली की तिला हसूच फुटलं.

दुसऱ्या दिवशी निकासिओ स्वतः पिशवी घेऊन आला. पाटी उतरली, क्रिओयो वरच्या कप्प्यावर चढले. फेब्रुवारीभर ओतिलिया संगणकाच्या पडद्यासमोरून हलली नाही. तिने खेपेमागून खेप केली. एकही ढासळली नाही. शेवटच्या आठवड्यात तिने निकासिओला फोन लावला.

“काय झालं, डॉक्टरबाई? जमलं का?”

“ते मागाहून. आधी सांग, आई कशा आहेत?”